स्वस्त इअरफोन बदलण्याआधी त्याचं रबर बदलून बघा

पाचशे ते दोन हजारांच्या इअरफोनबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बेसच नाही, आवाज पत्र्यासारखा वाजतो, गाणाऱ्याचा ‘स’ कानात टोचतो, एक बाजू बारीक झाली. यातल्या निम्म्याअधिक गोष्टी घरी दुरुस्त होतात, तेव्हा नाशिकच्या एमजी रोडला नवा घ्यायला निघण्याआधी अर्धा तास काढा. तपासण्याचा क्रम मात्र खाली दिलाय तोच ठेवा. रबर नीट बसलेलं नसताना इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करायची सोय) फिरवत बसलात, तर चुकीचं दुखणं दुरुस्त करत बसाल.

आधी रबर

कानात घालायच्या बहुतेक स्वस्त इअरफोनमध्ये १० मिलिमीटरच्या आसपासचा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी चकती, असतो. एवढीशी चकती ढोलाचा ठोका ऐकवू शकते, कारण तिच्यापुढची हवा कानाच्या नळीत कोंडलेली असते. रबर आणि कातडीच्या मध्ये बारीकशी फट राहिली की खालचे स्वर तिथून निसटतात. वरचे स्वर जागेवरच राहतात, म्हणून आवाज पातळ आणि कर्कश वाटतो. दोष ड्रायव्हरला लागतो, गळती असते रबराची.

बसवायची पद्धत अशी: उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाचा वरचा भाग वर आणि थोडा मागे ओढून धरा. त्याने नळी सरळ होते. उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि मग कान सोडा. घालताना ‘कर्र’ असा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका; दाबलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. हळू घातलं की थांबतो.

आता परीक्षा. नाशिक ढोलाचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही इअरफोन बोटाने हलके आत दाबा. दाबल्यावर ठोका एकदम भरीव झाला तर रबर लहान पडतंय. एक माप मोठं घ्या. मग जबडा उघडून-मिटून बघा. तोंड उघडताना बेस जात असेल तरी तेच. दोन्ही कान एकाच मापाचे असतील असं नाही, डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठं रबर लावण्यात काहीच गैर नाही. बहुतेक लोक खोक्यातून लावून आलेलं मध्यम रबर वर्षभर वापरतात आणि बाकीची पिशवी ड्रॉवरमध्ये पडून असते.

रबराचं तोंडही महत्त्वाचं. रुंद तोंडाचं रबर वरचे स्वर मोकळे सोडतं, अरुंद तोंडाचं ते थोडे दाबतं. आवाज टोचत असेल तर अरुंद तोंडाचं किंवा फोमचं लावा. फोम बोटांत वळून बारीक करायचा, कानात घालायचा आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. सिटीलिंकच्या बसमध्ये किंवा सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये ऐकणाऱ्यांना फोमचा दुहेरी फायदा आहे. बाहेरची घरघर कमी झाली की आवाज वाढवावा लागत नाही. पण फोम घामाने मऊ पडतो, रोज वापरलात तर काही महिन्यांत बदलावा लागतो. विकत घेण्याआधी इअरफोनच्या नोझलची, म्हणजे रबर चढवतो त्या नळीची, जाडी पट्टीने मोजा. बऱ्याच इअरफोनची ५ ते ६ मिलिमीटर असते. सैल रबर इअरफोन काढताना कानातच राहतं, आणि ते काढायला डॉक्टरकडे जावं लागतं.

मिरवणुकीत मोबाइलवर घेतलेला ढोलाचा व्हिडिओ मात्र परीक्षेला वापरू नका. तिथे मोबाइलचा माइकच ओव्हरलोड झालेला असतो, फाटलेला आवाज रेकॉर्डिंगमधलाच असतो.

एक बाजू बारीक झाली असेल तर

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का ते पाहा. चुकून सरकलेला सापडतो. तो ठीक असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. बारीक आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर बिघाड इअरफोनमध्ये किंवा फोनच्या त्या बाजूच्या आवाजात आहे. दुसऱ्या फोनवर लावून बघितलं की दोन्हींत निवड होते. तो त्याच कानात राहिला आणि रबरही नीट बसलेलं असेल, तर कानात मळ किंवा दुसरा काही दोष असू शकतो आणि काम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं.

इअरफोनचा दोष असल्यास बहुतेक वेळा नोझलची जाळी मळाने बुजलेली असते. रबर काढा. नोझल जमिनीकडे करून धरा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल, आत जाणार नाही. कोरड्या मऊ टूथब्रशने जाळी हलक्या हाताने झाडा. न निघाल्यास मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या काडीचं टोक त्यात बुडवून पिळा आणि फक्त जाळीला टेकवा. थेंब गळता कामा नये, जाळी गोंदाने चिकटवलेली असते. दहा मिनिटं तशीच उलटी ठेवा. सुई घालू नका, जाळीमागे लगेच पडदा असतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. रबरं मात्र साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा.

हिवाळ्यात आणखी एक प्रकार होतो. निफाडकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. अशा पहाटे धातूच्या कवचाचा इअरफोन कानात घातला की कानातली दमट, उबदार हवा गार नोझलमध्ये जाते आणि जाळीवर दव धरतं. आवाज अचानक बसतो आणि तासा-दोन तासांनी आपोआप परत येतो. इअरफोन सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा आणि घालण्याआधी मुठीत धरून थोडा कोमट करा.

गाणं वाजतंय पण गाणारा गायब

ऐकायला भुताटकी वाटते, कारण साधं आहे. माइकवाल्या ३.५ मिलिमीटरच्या पिनवर चार कड्या असतात: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, शेवटी माइक. ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार, तुटला की दोन्ही चॅनलमधला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हींकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. फोन बंद करून खाचेतला खिशातला कचरा लाकडी टूथपिकने काढा आणि पिन ‘टक’ होईपर्यंत दाबा. माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर पिनची जुळणी जुन्या पद्धतीची आहे, तिथे ग्राउंड आणि माइकची जागा उलट असते. त्याला अडॅप्टर मिळतो.

फोनला खाच नसेल तर टाइप-सी डोंगल लागतो, आणि तिथे दोन जाती आहेत. एकात आवाज बनवणारी डॅक चिप असते, दुसरी नुसती तार असते आणि ती मोजक्याच फोनवर चालते. घेताना दुकानदाराला ‘डॅकवाला आहे का’ असं विचारा आणि स्वतःच्याच फोनवर लावून बघा. ॲपलचा टाइप-सी डोंगल गुणवत्तेला उत्तम, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो.

आता इक्वलायझर

फोनमधलं ‘सुपर बेस’, डॉल्बी वगैरे आधी बंद करा. स्ट्रीमिंग ॲपमध्ये क्वालिटी ‘ऑटोमॅटिक’वरून सगळ्यात वरच्या पायरीवर न्या.

‘स’ टोचतोय का हे मराठी बोलण्यावर चटकन कळतं. ‘चमचा’, ‘चाक’, ‘जहाज’ यांतल्या दंतमूलीय च-ज मध्ये ‘स’सारखीच शिट्टी असते, म्हणून बातम्या किंवा कथाकथन लावा. च-ज-स सुटे होऊन पुढे उडत असतील तर साधारण ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा आहे, म्हणजे तिथले स्वर जास्त मोठे वाजतायत. अँड्रॉइडच्या नेहमीच्या पाच पट्ट्या ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झवर असतात, त्यामुळे हा उंचवटा नेमका दोन पट्ट्यांच्या मधल्या खड्ड्यात राहतो. पॉवरॲम्प इक्वलायझरसारखं पॅरामेट्रिक, म्हणजे हवा तो हर्ट्झचा आकडा निवडू देणारं, ॲप लागतं. टोन जनरेटर (एकच सूर वाजवणारं ॲप) अगदी हळू आवाजात ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत सरकवा, जिथे सूर टोचतो तो आकडा लिहून घ्या आणि तिथे ३ ते ४ डेसिबल कमी करा, क्यू (कापायचा पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३ च्या आसपास. ८ किलोहर्ट्झच्या जवळचा उंचवटा इअरफोन किती आत गेलाय त्यावरही सरकतो, म्हणून कापण्याआधी थोडा खोल बसवून बघा.

ढोल ताशाला गिळत असेल तर २५० हर्ट्झला २-३ डेसिबल कमी करा. बेस खरंच कमी असेल तर १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवा, आणि जेवढं वाढवलं तेवढाच प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधला एकूण आवाज, उणे करा. हे विसरलं की आवाज फाटतो आणि खापर ड्रायव्हरवर फुटतं. तुमचं मॉडेल थोडं नावाजलेलं असेल तर वेव्हलेट ॲपमध्ये त्याचं तयार ऑटोईक्यू (त्या मॉडेलसाठी आधीच बसवलेलं इक्वलायझर) सापडेल, तिथून सुरुवात करणं सोपं.

पुरेसा आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. द्वारका चौकातल्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत राहणं म्हणूनच महागात पडतं. आणि दुचाकीवर दोन्ही कान बंद करू नका.

तरीही नवाच घ्यायचा असेल

खोक्यावरचं ‘२० ते २०००० हर्ट्झ’ आणि ड्रायव्हरचे मिलिमीटर यांवरून आवाजाबद्दल काहीच कळत नाही. इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटीवरून फक्त तो किती मोठा वाजेल ते कळतं. किमतीवरूनही फार काही कळत नाही: ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता स्वर किती मोठा वाजतो) यांच्यात संबंध आढळला नाही. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ झिरो २ अशा मॉडेलची मोजमापं सहज सापडतात, ती बघून घ्या. वायर सुटी होणारी, ०.७८ मिलिमीटरच्या टू-पिनची घ्या. स्वस्त इअरफोन बहुधा पिनच्या मुळाशी वायर तुटून मरतो. कानामागून नेलेली वायर शर्टला घासल्याची खरखरही कमी देते.

दुकानात स्वच्छतेपायी कानात घालून बघू देत नाहीत, म्हणून परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज ठेवून, बोलणं लावा. आवाज डोक्याच्या मधोमध न येता एका बाजूला कललेला असेल, इअरफोनची अदलाबदल केल्यावर तो विरुद्ध बाजूला जात असेल आणि दुसऱ्या फोनवरही तसंच होत असेल, तर रबरं पुसून खोक्यात भरा आणि बिलासकट परत न्या.