नवतपा लागण्यापूर्वी कारची तयारी: डिझेल आणि पेट्रोल

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि त्यामागून पंधरवड्यात मृग येतो. पेरणीची घाई सुरू झाली की गॅरेजला जाण्यास सवड मिळत नाही, म्हणून कार त्याआधीच तपासून घ्यावी. इंधन कोणतेही असो, पहिले काम कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे. इंजिन पूर्ण थंड असताना त्याची पातळी पाहावी आणि कमी आढळल्यास बोअरचे पाणी ओतू नये, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि भर उन्हात तेथेच गाडी तापते. आपल्याकडे पांदण रस्त्यांवर फुफाटा असतो, त्यामुळे एअर फिल्टर सेवापुस्तिकेत सांगितलेल्या अंतराआधीच उघडून पाहावा.

पेट्रोल कारची यादी येथून पुढे लहान आहे. स्पार्क प्लग ठरलेल्या अंतरावर बदलावेत, आणि पेट्रोलमधील इथेनॉल पाणी ओढून घेत असल्याने गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात. इंधन दाबलेल्या तप्त हवेत आपोआप पेटते. थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे ग्लो प्लग असतात, पण त्यांची परीक्षा मे महिन्यात नव्हे, डिसेंबरच्या पहाटे होते. या इंजिनाची खरी दुखरी जागा म्हणजे इंधनाची स्वच्छता. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरसाठी गोठ्यात ठेवलेल्या ड्रममधील डिझेल मी कारमध्ये ओतले आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन धक्के देऊ लागले. मिस्त्रीने डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घेतले, तेव्हा वर पिवळसर डिझेल आणि तळाशी दोन बोटे स्वच्छ पाणी असे दोन थर उभे राहिले. आजच्या डिझेल कारच्या इंजेक्टरमध्ये इंधन हजार बारहून अधिक दाबाने जाते, त्यामुळे असे पाणी पुढे सरकले तर खर्च फिल्टरपुरता राहत नाही. पावसाळ्याआधी फिल्टरच्या तळाचे पाणी काढून घ्यावे आणि ड्रमचे डिझेल ट्रॅक्टरलाही गाळूनच द्यावे.

डिझेल कारचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. ती काजळी आहे, तेवढ्यावरून मिस्त्रीशी वाद घालू नये. मात्र एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) डिझेल कारमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो, म्हणून तिला कमी राखेचे, पुस्तिकेत नमूद केलेलेच ऑइल लागते, ट्रॅक्टरच्या डब्यातील चालत नाही. ज्यांची कार घर ते शेत एवढीच धावते, त्यांनी आठवड्यातून एकदा ती महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी, म्हणजे डीपीएफमधील काजळी जळते. ती वारंवार अर्धवट जळत राहिली तर ती जाळण्यासाठी इंजिनाने सोडलेले जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, पुसून पुन्हा घालावी, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर आढळली तर ऑइल वाढले या समाधानात न राहता गाडी तशीच उभी ठेवून मिस्त्रीला घरी बोलवावे.