गॅरेजची सरावखोली करताना या चुका टाळा

गणेशोत्सव दोन-अडीच महिन्यांवर आला की माझ्याकडे फोन सुरू होतात. बेळगावातलं शहापूर असो, टिळकवाडी असो की पिरनवाडी, पहिला प्रश्न ठरलेला: "काका, खोलीला फोम किती लागेल?" भिंतीला ओल येते का, मीटरपासून वायर कुठली आणलीय, शेजाऱ्यांची झोपायची खोली कुठल्या बाजूला आहे, यातलं काही कोणी विचारत नाही. काळ्या फोमचे फोटो आधीच बघून झालेले असतात आणि पुढच्या रविवारी वाजवायचं असतं. या घाईतून होणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजच्या मुलांचा बँड असो की भजनी मंडळ, खोलीचे नियम तेच.

फोम लावला, शटर तसंच ठेवलं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात महागडीही. खोलीतला आवाज स्वच्छ ऐकू येणं हे एक काम आणि खोलीतला आवाज बाहेर न जाणं हे वेगळं काम. फोम पहिल्या कामाचा आहे, तोही अर्धाच. उघड्या प्लास्टरच्या खोलीत टाळ वाजले की कानात सुया टोचतात. दोन इंची फोम लावला की तो टोचरेपणा जातो. मंडळी खूश होतात. पण पखवाजाच्या धूमेचा, बेस गिटारचा किंवा किक ड्रमचा आवाज त्या फोमला जुमानत नाही. ८० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे १४ फूट लांबीची असते. तिच्यापुढे दोन इंच स्पंज म्हणजे काहीच नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल तर या हिशेबात धरूच नका.

आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर दोनच गोष्टी लागतात: वजन आणि हवाबंदपणा. आपल्याकडची नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत पन्नासच्या आसपास डेसिबल अडवते. ती भिंत तुमच्याकडे आधीपासूनच आहे, फुकट. सगळं गळतं ते शटरमधून. पातळ पत्रा, पट्ट्यांमधल्या फटी, वरच्या गुंडाळीची मोकळी जागा आणि खालची फट. नऊ फुटी शटरखाली एक इंच फट राहिली तर ती पाऊण चौरस फूट झाली. समोरची बाजू दहा बाय नऊ फुटांची धरली तर क्षेत्रफळाचा जेमतेम एक टक्का. पण नुसता एक टक्का भाग उघडा असला की बाकीचं बांधकाम कितीही जाड करा, ती बाजू वीस-एकवीस डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. तळाला भोक असलेल्या घागरीचा काठ उंच करून पाणी थांबत नाही. तरी लोक तीन भिंतींवर हजारो रुपयांचा फोम चिकटवतात आणि शटरला पडदा लावतात.

उपाय सरळ आहे, फक्त गवंडी बोलवायची तयारी हवी. शटर बाहेर राहू द्या. त्याच्या आत हातभर अंतर सोडून विटांची किंवा सिमेंट ब्लॉकची भिंत स्लॅबपर्यंत बांधा, दोन्हीकडून गिलावा करा आणि त्यात भरीव फ्लश डोअर बसवा. दार बाहेर उघडणारं हवं. चौकटीला चारही बाजूंनी रबर पट्टी, खाली उंबरा. मालक बांधकाम करू देत नसेल तर लोखंडी चौकट, मध्ये रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरच्या बोर्डाचे दोन-दोन थर; सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि कडा सीलंटने बंद करायच्या. गाडी मग अंगणात लावावी लागते. "गाडीपण राहू दे आणि सरावपण होऊ दे" असं म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, गॅरेज गाडीसाठीच ठेवा.

माझी एक सवय सांगतो. काम झालं की भर दुपारी आत जाऊन दिवे बंद करायचे, दार लावून दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून आवाज जातो. उजेड दिसत नसेल तर पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवायची. धूर जिथे वळतो तिथे अजून पट्टी हवी. त्यानंतर एकाला आत वाजवायला बसवून स्वतः शेजाऱ्यांच्या खिडकीपाशी उभं राहायचं. हे न करता सरळ फोम मागवणाऱ्याला मी दुकानाचा पत्ताही देत नाही.

पावसाळा न बघता अस्तर चढवलं

बेळगाव शहरातच वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या माणसाने दाखवलेली खोली इथे जशीच्या तशी उतरत नाही.

अनगोळमधल्या एका गॅरेजचं सांगतो. कॉलेजची पोरं, त्यातल्या एकाच्या आजोबांची जागा. एप्रिलमध्ये मला बघायला बोलावलं होतं. मी म्हटलं, एक पावसाळा खोली रिकामी ठेवा, तोवर नुसत्या सतरंजीवर बसून वाजवा. "असू दे की काका, भिंत बघा की, खणखणीत कोरडी हाय." वळवाचे दोन पाऊस झाले तरी भिंत कोरडीच होती, त्यामुळे माझं म्हणणं त्यांना खोटं वाटलं. मे महिन्यात सुताराने भिंतीला थेट लाकडी पट्ट्या ठोकल्या, मध्ये ग्लासवूल भरली, वरून प्लाय आणि त्यावर कापड. जमिनीला कार्पेट चिकटवलं. खोली दिसायला फारच सुंदर झाली होती, हे खरंच.

आषाढात झड लागली आणि आधी वास सुरू झाला. मग तबल्याची पुडी इतकी उतरली की गट्टे तळापर्यंत ठोकले तरी सूर चढेना. पेटीच्या काही पट्ट्या दाबल्या की वर यायच्या बंद झाल्या. श्रावणात मला पुन्हा बोलावलं. खालचा एक पॅनल सोडवायला घेतला तर स्क्रू गंजून डोक्यापाशीच तुटले. आतली ग्लासवूल भिजून गुडघ्याच्या खाली गोळा झाली होती, वरचा भाग मोकळा. लाकडी पट्टीवर अंगठा दाबला तर तो नखापर्यंत आत गेला. आणि प्लायच्या मागून वाळवीची मातीची नळी निघाली होती, ती थेट लाइटच्या बोर्डापर्यंत. सगळं उपटून टाकावं लागलं. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते दारात उभे राहून बघत होते; पैसे त्यांच्या पेन्शनचे होते.

कारण काय? गॅरेज मूळचंच अंगणापेक्षा सखल. पुढे अंगणात पेव्हर बसवले, रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या वर गेली. पाणी विटांतून सावकाश वर चढत होतं. आपल्याकडच्या जुन्या गल्ल्यांत हे घरोघरी आहे. वडगाव-शहापूरच्या शिवारालगत, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर जुलै-ऑगस्ट बघितल्याशिवाय भिंतीला खिळाही मारू नये.

तपासायची रीत सोपी आहे. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर, आणि एक फरशीवर, चारही कडांना चिकटपट्टी लावून बंद करायचा. एक-दोन दिवसांनी बघायचं. कागदाच्या मागे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. कागदाच्या वर, खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतली ओल आहे. पहिल्या प्रकाराला आतून कुठलाही रंग लावून उपयोग नाही. बाहेरचं पाणी वळवा, पन्हाळ नीट करा, बाहेरून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग करा. दुसऱ्या प्रकाराला हवा कोरडी करावी लागते. मी आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ प्रत्येक खोलीत टांगायला लावतो. आकडा ४५ ते ६० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. पावसात "जरा वारं येऊ दे" म्हणून शटर उघडलं की तो चढतो. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर, आणि वाद्यांच्या पेट्यांत सिलिका जेल.

अस्तर करायचंच असेल तर लोखंडी पट्ट्यांवर, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून, फरशीपासून चार इंच वर. त्याआधी खालून वाळवीचं औषध.

अथणी, चिकोडीकडच्यांना हे सगळं जास्तीचं वाटेल. तिकडे खरा शत्रू धूळ. मिक्सरच्या फेडरमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटनांत, ती गेली की खरखर सुरू होते, आणि उन्हाळ्यात लाकूड तडकतं. तिकडच्यांनी मिक्सर झाकायला जाड कापड आधी शिवून घ्यावं.

गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढली

स्पीकरमधून "हूंऽऽ" असा आवाज येतो. कोणीतरी जाणता येतो, अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतो किंवा टू-पिन अडॅप्टर लावतो, आणि गुणगुण थांबते. सगळे त्याला शाबासकी देतात. हे बघितलं की माझा जीव खालीवर होतो. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. अँपचं अर्थिंग काढलंत आणि आत कुठे गळती असली तर एका हातात तारा आणि ओठांना माइक असलेल्या गायकाच्या अंगातून करंट जातो. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, अनवाणी. माणूस जाऊ शकतो.

त्या गुणगुणीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या. तरी राहिली तर डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी डबी) वापरा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटन दाबा. ते फक्त सिग्नलचं जोडणं तोडतं, विजेचं नाही. मीटरपासून गॅरेजला वेगळी लाइन घ्या, १६ अँपच्या सॉकेटला २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. घरातल्या बल्बच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून ऑर्केस्ट्रा चालवणं बंद करा. मार्च ते मे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा. वायरमन मीटर लावून अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज दाखवत नाही तोवर त्याचे पैसे देऊ नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

साधा फोम भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नावाच्या क्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. कापडात गुंडाळलेलं रॉकवूल वापरा. ते जळत नाही आणि खर्जही जास्त शोषतं. पैसे नसतील तर घरातल्या जाड वाकळा भिंतीपासून थोड्या सोडून टांगा. फोमच्या तोडीचं काम होतं. खोलीत स्कूटर आणि पेट्रोलचा कॅन ठेवून सराव करू नका.

हवाबंद खोलीत सहा माणसं तासभर गायली की डोकं जड होतं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. आतून रॉकवूल लावलेली, नागमोडी वाटेची प्लायची पेटी करून तिच्यातून पंख्याने हवा आत घ्या, तशीच दुसरी बाहेर जायला.

दहा बाय दहा बाय दहाची खोली असेल तर ५५-५६ हर्ट्झला सगळ्या बाजूंनी एकदम घुमते. कोपऱ्यांत जाड रॉकवूल भरा आणि बेसचा अँप कोपऱ्यातून बाहेर काढा.

माइक शिट्टी मारतो तो गायकाच्या मागे स्पीकर असतो म्हणून. स्पीकर माइकच्या पाठीकडे हवा.

गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो. ड्रमखाली जाड रबर मॅट टाका, नाहीतर किक ड्रम गाण्यागणिक पुढे सरकतो.

आवाज वाढवण्याची चढाओढ नको. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा दिवसाला १५ मिनिटांची आहे. आधी गायकाचा आवाज ठरवायचा, बाकीच्यांनी त्याच्या खाली राहायचं. कानातले प्लग ड्रमवाल्याने तरी लावलेच पाहिजेत.

पत्र्याचं छप्पर असेल तर जोराच्या पावसात सराव होणार नाही; वेळापत्रक तसंच करा.

वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. मी मात्र साडेआठलाच थांबायला लावतो. दहावी-बारावीचं पोर असलेल्या घरी परीक्षेच्या आधी जाऊन वेळ विचारून यायचं.

ढोल-ताशा पथकांनी मला फोन करू नये. पंधरा ढोल झेलणारं गॅरेज होत नाही. शेतवाडीत, वस्तीपासून लांब मोकळी जागा बघा, आणि सरावाची वेळ संध्याकाळी सातच्या आत ठेवा.