अजिंक्यतारा बघायला जाताय? मग गाडी खालीच राहू द्या

साताऱ्यात कुठंही उभं राहून मान वर केली की टॉवरवाला लांबट डोंगर दिसतो, तोच अजिंक्यतारा. गाडी पार दरवाजाजवळ जाते आणि घोळ तिथंच होतो. लोक गाडी लावतात, दरवाजात दोन सेल्फी, टॉवरपाशी शहराचा एक फोटो आणि वीस मिनिटांत खाली येऊन म्हणतात, "काय नाय राव वर, सगळी पडझड झालीय." अहो गड फिरलाच कुठं तुम्ही? निवांत फिरायला दीड तास तरी लागतो, चढउतार धरून तीन तास मोकळे ठेवा.

आधी वेळ ठरवा. सकाळी उजाडल्या उजाडल्या निघालेलं सगळ्यात बरं, वाटेवर फिरायला येणारे सातारकर भेटतात त्यामुळं सोबत होते आणि ऊनपण लागत नाही. अंधारात एकट्यानं मात्र जाऊ नका, या डोंगराच्या आजूबाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा मस्त असते. पावसाळ्यात हिरवागार असतो पण दगडांवर शेवाळ धरतं आणि तटावर वारा असा सुटतो की छत्री उलटी होते, तेव्हा चांगल्या ग्रिपचे बूट घाला आणि तटाच्या कडेवर उभं राहून फोटो काढायची हौस घरीच ठेवून या.

पाणी खालूनच घ्या, माणशी लिटरभर तरी. वर तळी आहेत पण उन्हाळ्यात ती कोरडी पडतात आणि पाणी असलं तरी ते पिण्याचं नाही.

आता वाट. सातारा एसटी स्टँडवरून राजवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या सारख्या असतात, राजवाड्याला उतरा, तिथून अदालतवाडा चालत दहाएक मिनिटं. वाड्याच्या बाजूनं जी वाट वर चढते ती पुढं गडाच्या डांबरी रस्त्याला मिळते, तिथून किलोमीटरभर रस्त्यानं गेलं की दरवाजा. गोडोली नाक्याकडूनही रस्ता येतो. कुठूनही या, तासाभरात वर पोचता, दम लागला तर मागं वळून बघायचं, प्रत्येक वळणावर शहर थोडं अजून उलगडलेलं असतं. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना खुशाल गाडीनं आणा, तेवढ्यासाठी रस्ता चांगलाच आहे.

या वाटेवर दोन दरवाजे लागतात, त्यातला पहिला दोन्ही बुरुजांसकट चांगला शाबूत आहे. आत शिरल्यावर उजव्या हाताला मारुतीचं देऊळ. डावीकडं निघालात की महादेवाचं देऊळ, मग प्रसारभारतीचं ऑफिस आणि टॉवर. बहुतेकांचा गड इथंच संपतो. तुम्ही पुढं चालत राहा, मंगळाईच्या देवळाकडं जायची वाट डावीकडं फुटते ती धरा.

वाटेत ताराबाईंच्या वाड्याचे पडके अवशेष दिसतील. बघायला म्हणाल तर ढासळलेल्या भिंती आणि झाडोरा, पण दोन मिनिटं थांबा. याच किल्ल्यावर 1750 मध्ये ताराबाईंनी छत्रपती रामराजांना कैदेत टाकलं होतं, ज्यांना स्वतःचा नातू म्हणून पुढं आणलं त्यांनाच! तेव्हा बाईंचं वय पंचाहत्तरच्या घरात, आणि पेशवा नानासाहेबांनाही त्यांनी सहजासहजी दाद दिली नाही.

वाटेच्या टोकाला मंगळाईचं देऊळ, आवारात जुनी शिल्पं मांडून ठेवलीत, आणि समोर मंगळाई बुरूज. इथं बूड टेकून बसा, कारण गडावरची सगळ्यात मोठी गोष्ट इथं घडली. 1699 च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब खाली छावणी टाकून बसला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिने झाले तरी गड काही पडेना, मग मोगलांनी तटाखाली भुयारं खणून सुरुंग ठासले आणि 13 एप्रिल 1700 ला बत्ती दिली. पहिल्या स्फोटात बुरूज उडाला, बरेच मराठे गेले, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले पण त्यांना जिवंत बाहेर काढलं. दुसरा सुरुंग उडाला आणि तट आत पडायच्या ऐवजी बाहेर कोसळला, तो थेट चढाई करायला खाली टपून बसलेल्या मोगलांवरच. दीडेक हजार माणूस त्यात गेलं असं सांगतात. पण वरचा दाणागोटा संपला होता, 21 एप्रिलला गड द्यावा लागला. बादशहानं नाव ठेवलं आझमतारा, नंतर ताराबाईंच्या लोकांनी परत घेतला आणि तो झाला अजिंक्यतारा. आता ही गोष्ट डोक्यात ठेवून बुरुजावरून खाली बघा, उतार केवढा सरळ आहे ते बघा, मग कळतं की सुरुंगाशिवाय त्यांच्याकडं दुसरा इलाज का नव्हता.

तिथून मागं फिरा आणि दक्षिणेकडच्या दरवाजांची वाट विचारून घ्या. वाटेत तळी लागतात. ही बाजू लोक सोडून देतात त्यामुळं गर्दी नसते, शहराचा आवाजही येत नाही, मला तरी सगळा गड एकीकडं आणि ही बाजू एकीकडं. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं, फुलपँट घालाच आणि पाय टाकताना खाली बघा.

शेवटी उत्तरेच्या तटावर या. आख्खं सातारा पायाशी पसरलेलं असतं. शिवाजी महाराजांनी गड घेतला तो 1673 मध्ये, पण हे शहर वसलं ते शाहू महाराजांमुळं. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि राजगड, रायगड, जिंजीनंतर मराठ्यांची ही चौथी राजधानी झाली, मग गडाखाली त्यांनी शाहूनगर वसवलं. आधी राजवाडा शोधा, तो सापडला की आपण कुठून चढलो ते कळतं. डावीकडचं पठार यवतेश्वराचं, उजवीकडं लांब जरंडा, हवा स्वच्छ असेल तर चंदन-वंदन आणि कल्याणगडसुद्धा ओळखता येतात. सज्जनगड मात्र या तटावरून नाही, गडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन शोधावा लागतो.

उतरताना बाटल्या, वेफर्सची पाकिटं बॅगेतच टाका, आणि दगडांवर नावं कोरणारे दिसले तर दोन शब्द सुनावायला लाजू नका. उन्हाळ्यात सिगारेटचं थोटूक तर अजिबात टाकू नका, वाळलं गवत असतं, क्षणात वणवा लागतो. पायात जीव असेल तर त्याच दिवशी बोगद्यातून पलीकडं जाऊन सज्जनगडपण होतो, नसेल तर सरळ राजवाड्याला उतरा, संध्याकाळ झाली असेल तर चौपाटीवर पोट भरा आणि घरच्यांसाठी कंदी पेढे घ्या, ते विसरलात तर गडाचे कितीपण फोटो दाखवा, काही उपयोग नाही.