ग्रामीण रुग्णालयाचे कार्बन उत्सर्जन कमी करण्याआधीची तयारी

सौर पॅनेलची मागणी नोंदवण्याआधी मागील बारा महिन्यांची वीजबिले, जनरेटरचे लॉगबुक आणि रुग्णवाहिकेच्या डिझेलच्या नोंदी एकत्र कराव्यात. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो, एवढ्यावर कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे तालुक्याच्या रुग्णालयालाही ठरवता येते.

छताची पाहणी मे महिन्यातच उरकावी, कारण जूनमध्ये कोकणात कोणी छतावर चढत नाही. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देत असले, तरी आषाढ-श्रावणात ते निम्म्यावरही येऊ शकते आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. म्हणून लसींचे आयएलआर (लसी थंड ठेवणारे बर्फाच्या अस्तराचे शीतकपाट), प्रसूतिकक्ष, प्रयोगशाळा आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांचे वायरिंग स्वतंत्र करून त्यांनाच बॅटरीचा आधार द्यावा. वातानुकूलन त्यावर टाकू नये. पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेले आहे याचा दाखला मागावा, सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असल्याची खात्री करावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पत्रे कसे उडाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना वाऱ्याच्या भाराचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. जनरेटर काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. तो कमी चालावा, एवढेच पुरे.

शस्त्रक्रियागृहात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या वायूची तपासणी अवश्य व्हावी. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो, आणि त्याची गळती लवकर लक्षात येत नाही. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असल्याने द्रव संपेपर्यंत दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. तेव्हा काट्यावर विसंबू नये. शनिवारी सायंकाळी सिलिंडर वजन करून ठेवावा, सोमवारी सकाळी पुन्हा करावा, आणि मधल्या काळात एकही भूल दिलेली नसताना वजन घटले असेल तर जोडण्या तपासून घ्याव्यात. सिझेरियन बहुधा स्पायनल भुलीवरच (वायूऐवजी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन) होत असल्याने या वायूचा साठा मुळात किती हवा, हेही भूलतज्ज्ञांना विचारावे.

कचऱ्याबाबत २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांपलीकडे नवे काही शोधण्याची गरज नाही. पिवळ्या पिशवीतील बहुतेक कचरा जाळला जातो, लाल पिशवीतील प्लॅस्टिक निर्जंतुक होऊन पुनर्चक्रणाला जाते. म्हणून चहाचे कप आणि बिस्किटांची वेष्टणे पिवळ्या पिशवीत जाणार नाहीत एवढे परिचारिका आणि सफाई कर्मचाऱ्यांनी मिळून पाहावे. वॉर्डनिहाय पिशव्यांचे वजन नोंदले जाते का, हे तपासावे.

फवाऱ्याच्या इनहेलरमधील वायूही उष्णता अडवतो. म्हणून दम्याच्या स्थिर रुग्णांना जोराने श्वास ओढता येत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फवाऱ्याऐवजी पावडरचे इनहेलर देता येतील का, ते औषध मागणीपत्रकाआधी ठरवावे.

प्रवासाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सिंधुदुर्गातून गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा रत्नागिरीतून कोल्हापूरला पाठवलेले किती रुग्ण केवळ फेरतपासणीसाठी गेले, हे संदर्भ नोंदवहीतून काढावे आणि त्यांपैकी ज्यांचे काम ई-संजीवनीवर (सरकारची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा) भागेल त्यांची वेगळी यादी करावी. त्यासाठी नोंदवहीत पाठवण्याच्या कारणाचा रकाना हवा. नसेल तर तो आजच आखून घ्यावा.