एनपीटीईएलचा कोर्स: नाव नोंदवण्यापासून श्रेयांक खात्यात जमा होईपर्यंत

आयआयटीच्या प्राध्यापकांकडून विषय शिकायला आता जेईई लागत नाही. आयआयटी आणि आयआयएससीचा ऑनलाइन शिक्षणाचा प्रकल्प म्हणजे एनपीटीईएल; त्याचे कोर्स ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पैसे फक्त परीक्षेचे, एका विषयाला साधारण हजार रुपये. सत्रं दोन: जानेवारी आणि जुलै.

नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) ‘स्वयम्’मधून घेता येतात, पण नेमका कोणता कोर्स कोणत्या पेपरऐवजी चालेल, हे कॉलेज ठरवतं. तो होकार लेखी घ्या. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारणपणे ३ श्रेयांक, ८ आठवड्यांच्या कोर्सला २.

कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असं नाही. तो वेगळा असतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते. दोन्हीकडे ईमेल एकच द्या, नाहीतर दर आठवड्याच्या असाइनमेंटचे गुण परीक्षेला जोडले जात नाहीत. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा; प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

आता गुण. १२ आठवड्यांत सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांत ६. त्यांच्या सरासरीला २५ टक्के वजन, केंद्रावरच्या परीक्षेला ७५. मेख अशी की दोन्हीकडे स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं: २५पैकी १० आणि ७५पैकी ३०. असाइनमेंटची सरासरी १००पैकी ३६ असेल तर २५पैकी ९ होतात. मग परीक्षेत १००पैकी ९०, म्हणजे ७५पैकी ६७.५ पडले, बेरीज ७६.५ झाली, तरी प्रमाणपत्र नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांतच गुण बांधून ठेवा. शेवटी अभ्यास करून हे भरून निघत नाही.

मुदतीआधी असाइनमेंट कितीही वेळा पाठवता येते, शेवटची धरतात. तेव्हा अर्धवट का होईना, दोन दिवस आधी एकदा पाठवून ठेवा. रात्री ११:५५ला नेट गेलं तर कुणी मुदत वाढवून देत नाही. शून्याव्या आठवड्याची, म्हणजे कोर्स सुरू होण्याआधीची सरावाची असाइनमेंट गुणांत धरत नाहीत.

इंग्रजी जड जात असेल तर कोर्सच्या डाउनलोड विभागात मराठी भाषांतर आहे का बघा. काही विषयांचं मिळतं. तांत्रिक संज्ञा मात्र इंग्रजीतच पाठ करा, प्रश्नपत्रिकेत त्याच येतात.

परीक्षेला हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र न्या. निकालानंतर श्रेयांक एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या डिजिटल) खात्यात दिसले नाहीत, तर आधी ‘स्वयम्’ प्रोफाइलमधला एबीसी क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग तपासा.