उंच केलेल्या गाडीचं स्टीअरिंग थरथरतं? या चुका टाळा

भाच्याच्या जिम्नीला दोन इंचांचं लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) बसवून जेमतेम महिना झाला होता. फोंड्याहून पणजीला जाताना साठच्या वेगात पुलाचा सांधा ओलांडला आणि स्टीअरिंग हातात इतक्या जोरात डावी-उजवी हापटायला लागलं, की चाकं निखळतायत असंच त्याला वाटलं. वेग विसापर्यंत उतरला तेव्हा कुठे ते थांबलं. गराजवाल्याने नवा, जाडजूड स्टीअरिंग डॅम्पर लावून दिला. दोन महिने सगळं शांत. मग मोलेच्या रस्त्यावर पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा जोरात.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डॅम्पर हेलकावे दाबतो, सैल सांधा घट्ट करत नाही. आजार झाकला जातो आणि तेवढ्या काळात सैल बोल्ट आपलं छिद्र कोरत राहतो. भाच्याच्या गाडीत पुढच्या एक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या लॅटरल रॉडच्या ब्रॅकेटचं छिद्र लांबट झालं होतं. पाना लावला तर बोल्ट फिरत नव्हता, पण रॉड हलत होता. डॅम्परवर पैसे घालण्याआधी तो काढून बाजूला ठेवा आणि खरा दोष शोधा.

थरथर कुठली ते आधी ओळखा

सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वदला बारीक कंप येतो आणि वेग बदलला की जातो, तर संशय चाकांवर घ्या: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, फुगवटा आलेला टायर. आपल्याकडे त्याआधी एक गोष्ट पाहायची. सांगे-नेत्रावळीकडच्या कच्च्या रस्त्यावरून आलात की लाल चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि वाळून दगड होतो. तेवढं वजनही चाक बिघडवायला पुरतं. आतून खरवडून धुवा, मगच बॅलन्सिंगचे पैसे द्या.

खड्ड्याने सुरू होणारी आणि वेग उतरेपर्यंत न थांबणारी थरथर वेगळी. ती मुख्यतः पुढे सलग एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असलेल्या गाड्यांची: जिम्नी, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप. २०२० नंतरच्या थारची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, तिथे बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळीचा सांधा), टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं आणि चाकं तपासा.

गाडी चालवताना ही थरथर सुरू झाली तर करकचून ब्रेक मारू नका. अंगठे स्टीअरिंगच्या दांड्यांमधून बाहेर ठेवा, स्टीअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू कडेला या.

एकट्याने तपासू नका

एकटा माणूस खाली वाकून रॉड हाताने हलवतो आणि "प्ले (सांध्यातला सैलपणा) नाही" म्हणतो. गाडीच्या वजनाखाली जो प्ले दिसतो तो हाताच्या जोराने दिसत नाही. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग थोडंसंच डावी-उजवी सतत हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने टॉर्च मारून एकेक सांधा बघायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. लॅटरल रॉडची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची टोकं, स्टीअरिंग बॉक्सचे चेसीवरचे बोल्ट. रॉड आणि ब्रॅकेट एकत्र न हलता मागेपुढे हलले, तर दोष तिथेच.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. वर-खाली धरून हलवल्यावर प्ले लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो खुंट), डावी-उजवी धरून लागला तर बहुधा टाय रॉड. दूधसागरच्या वाटेवर पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी किंगपिन दरवर्षी उघडून बघावं. सील फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंगला गंज धरतो.

बोल्ट हवेत आवळू नका

लिफ्ट बसवताना गाडी जॅकवर असते, एक्सल लोंबकळत असतो, आणि तशाच अवस्थेत बुशांचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते अडकवा, गाडी जमिनीवर आणा, दोनदा दाबून बसू द्या, मगच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) आवळा. छिद्र आधीच लांबट झालं असेल तर कितीही आवळा, उपयोग नाही. योग्य मापाच्या छिद्राची पट्टी वेल्ड करून घ्यावी लागते.

कॅस्टरकडे दुर्लक्ष

गाडी उंच केली की जिम्नीचा पुढचा एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाकाला सरळ राहायला लावणारा कल, कमी होतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर ही खूण समजा. त्यासाठी वेगळे कॅस्टर बुश मिळतात. पाट्यांच्या स्प्रिंगवाल्या गाडीत, शॅकल (स्प्रिंगचं टोक चेसीला जोडणारी हलती पट्टी) स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकल लावणं हा मला तरी सगळ्यात वाईट उपाय वाटतो, कारण उंची वाढते तसा कॅस्टर जातो. स्प्रिंग आणि एक्सलमध्ये पाचरी लावून तो परत आणता येतो, पण पाचर उलटी बसली तर होता तोही जाईल.

बरीच अलाइनमेंटची दुकानं फक्त टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवून गाडी परत देतात. कॅस्टरचा आकडा मागून घ्या, लिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं. लिफ्टच्या आधी आरटीओत विचारा.

दुरुस्तीनंतर साधारण ५०० किलोमीटरांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. भाच्याच्या गाडीच्या रेघा या पावसाळ्यानंतरही अखंड आहेत, आणि डॅम्पर पुन्हा मूळचा, कंपनीचाच आहे.