केसपेपर आधी वाचा : कामावर शॉक लागलेल्या वायरमनसाठी

माझ्या उजव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नाही. २०२१च्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात पॅनेलमध्ये केबल जोडत होतो. शटडाऊन घेतलेला, टेस्टर लावून तिन्ही फेज तपासलेले. तेवढ्यात जनरेटर आपोआप सुरू झाला आणि बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, मागून सप्लाय आला. पुढचं आठवतं ते थेट दवाखान्यातलं.

मला भरती करताना ठेकेदाराच्या माणसाने सांगून टाकलं होतं, "घरी मिक्सर दुरुस्त करताना शॉक बसला." केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. माझी बायको सातवी शिकलेली, पण तिने तो कागद खिडकीपाशी नेऊन अक्षर न् अक्षर वाचला आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "हे सकाळी आठला कामावर गेलेत. डबा मी भरून दिलाय. आमच्या घरी मिक्सर नाही." डॉक्टरांनी मला शुद्धीवर आल्यावर विचारून नोंद दुरुस्त केली, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद, झाली, पोलिसांनी जबाब घेतला. माझा पुढचा सगळा दावा त्या एका दुरुस्त ओळीवर उभा राहिला.

म्हणून सांगतो, माणूस दवाखान्यात पोचला की केसपेपर वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर जागा, वेळ आणि 'कामावर असताना' हे आलंच पाहिजे. भाजलेल्या हाताचे आणि पॅनेलचे फोटो, तिथे हजर असलेल्या हेल्परचे नंबर, हे सगळं त्याच दिवशी जमवा. आठवड्याभरात पॅनेल स्वच्छ पुसलेलं असतं आणि हेल्पर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

मालकाला लेखी कळवा. साधा अर्ज चालतो, पण रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आणखी एक अर्ज विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात द्या. विजेच्या अपघाताची खबर त्यांना देणं वीज कायदा २००३च्या कलम १६१ने बंधनकारक आहे, पण ती दिली की नाही हे जखमी माणसाला कोणी सांगत नाही. माझ्या बाबतीत निरीक्षकांनी अहवालात लिहिलं की जनरेटर आणि मेनच्या मध्ये इंटरलॉकच (दोन्ही सप्लाय एकत्र येऊ न देणारी व्यवस्था) नव्हता. 'याचाच हलगर्जीपणा' म्हणणाऱ्या ठेकेदाराचं तोंड त्या वाक्याने बंद झालं.

आता पैसे कुठून मिळतात ते. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल तर भरपाई तिथूनच मिळते. उपचार मोफत आणि कामावर जाता येत नाही तोवर मजुरीच्या ९० टक्के. मग मालकावर वेगळा दावा होत नाही. माझी रोजंदारी ८५०, महिन्याचे २६ दिवस धरून २२,१००. म्हणजे ईएसआयच्या बाहेर. तेव्हा लागू होता तो १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा. हिशेबाची पद्धत मूळ तीच राहिली आहे.

माझा हिशेब असा झाला. पगार कितीही असो, २०२०पासून कायद्याने धरायची कमाल मर्यादा १५ हजार. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३५, त्यासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला गुणांक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के लिहिले आहेत, म्हणून ३,५४,७०८. अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला तर ४०. मृत्यू झाल्यास ६०च्या जागी ५० टक्क्यांनी हिशेब होतो. उपचाराचा खर्च यातून कापायचा नसतो, तो वेगळा मिळतो. औषधाचं प्रत्येक बिल ठेवा.

पगार रोखीत घेतला असेल तर घाबरू नका. माझ्याकडे पगारपत्रक नव्हतं. हजेरीची वही, ठेकेदाराने ऑनलाइन पाठवलेले उचलीचे पैसे आणि 'उद्या सातला ये' असे मेसेज यांवरच रोजंदारी सिद्ध झाली.

दवाखान्यात पंचविसाव्या दिवशी ठेकेदार २५ हजार रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन आला. 'माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही.' उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावायला निघाला होता. मी अंगठा मुठीत धरून ठेवला. तुमच्याकडून कोणी असा कागद घेतलाच असेल तरी हताश होऊ नका. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो, आणि तडजोड खरी करायची तर ती आयुक्तांकडे, म्हणजे या भरपाईच्या दाव्यांचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते.

दावा याच आयुक्तांकडे दोन वर्षांच्या आत करायचा. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो, त्यामुळे गावी परतलेल्या माणसाने पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. ठेकेदारासोबत मूळ कारखानदारालाही सामनेवाला करा. ठेकेदार गायब झाला तरी कारखाना जागेवर असतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगाराला मोफत वकील मिळतो. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. अर्जात दोन्ही मागा. मागितलं नाही म्हणून सुटलेले मी पाहिले आहेत.

'हातमोजे घातले नव्हते' हे पालुपद प्रत्येक सुनावणीत येतं. मला हातमोजे दिलेच नव्हते, हे मी शपथेवर सांगितलं आणि हेल्परनेही सांगितलं. निव्वळ निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. दारू पिऊन काम केलं किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला तर अडचण होते, पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तिथे तीही सबब चालत नाही.

बांधकामाच्या साइटवर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून ठेवा, ती मदत वेगळी. आणि जे स्वतःच घराघरांत कामं घेतात त्यांना मालकच नसल्यामुळे या कायद्यातून काही मिळत नाही. त्यांनी निदान बँकेतून वर्षाला २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा तरी काढावा. मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा एक डोळा गेला तर एक लाख. बोटांसाठी त्यात काहीच नाही, म्हणून थोडी मोठी अपघात पॉलिसी जमली तर तीही घ्या.